सकाळी गोळ्या वाकड्या, जेवणानंतर सरळ: एअरसॉफ्ट गनचा दर रविवारी परत येणारा हॉप-अपचा त्रास

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या खोट्या गनचा खेळ, आणि त्यातली एक तक्रार साधारण अशी असते. सकाळच्या पहिल्या गेममध्ये गोळ्या कुठेही जातात, एक वर उडते, दुसरी वीस मीटरवर जमिनीत, तिसरी मधेच डावीकडे वळते. दोन-तीन मॅगझिन मारली की हळूहळू सुधारतं, दुपारी जेवून आल्यावर गन एकदम मस्त चालते, माणूस खुश होऊन घरी जातो, गन नीट साफबिफ करून बॅगेत ठेवतो आणि पुढच्या रविवारी सकाळी परत पहिल्यापासून सुरू. मग तो नवीन बॅरल मागवतो, नंतर जास्त ताकदीची स्प्रिंग, आणि पैसे गेले तरी त्रास तसाच राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इथे इंग्लंडमध्ये आपली बरीच मराठी मुलं आयटीच्या नोकऱ्या सांभाळून रविवारी खेळायला येतात, त्यांच्यापैकी नवीन असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी होतोच, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मी बोलतोय ते मुख्यतः एईजीबद्दल, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या गनबद्दल, गॅसवाल्यांसाठी मधे थोडं आहे.

आधीच सांगतो, असं सकाळी बिघडून दुपारी आपोआप सुधारत असेल तर माझा पहिला संशय हॉप रबरवर गेलेल्या तेलावर, दुसरा थंडीवर, तिसरा बॅरलमधल्या घाणीवर. गिअरबॉक्स उघडायची वेळ बहुतेक वेळा येतच नाही.

का ते समजायला हॉप-अप नक्की काय करतं ते बघा. गोळी 6 मिलिमीटरची म्हणतात पण चांगली गोळी 5.95 ची असते, आणि कंपनीच्या साध्या इनर बॅरलचं (आतल्या नळीचं) भोक 6.08 च्या आसपास, म्हणजे गोळी बॅरलमध्ये सैलच असते, खऱ्या रायफलसारखे आत आटे वगैरे काही नाहीत. गोळी सरळ आणि लांब जाते ती फक्त एका गोष्टीमुळे. बॅरलच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूला एक खिडकी असते, तिथून हॉप रबरचा छोटासा उंचवटा आत डोकावतो, गोळी निघताना तिचा वरचा भाग त्याला घासतो आणि ती उलटी फिरत बाहेर पडते. या उलट्या फिरकीमुळे हवा तिला वर उचलून धरते, मॅग्नस इफेक्ट म्हणतात तो हाच. म्हणून अर्धा ग्रॅमसुद्धा नसलेली प्लास्टिकची गोळी चाळीस-पन्नास मीटर जवळजवळ सरळ रेषेत जाते.

म्हणजे सगळा खेळ त्या रबराच्या घासण्यावर आहे. आता त्यावर सिलिकॉन तेल लागलं तर काय होणार? दव पडल्यावर बॉल ओला झाला की स्पिनरची जी अवस्था होते तीच. एका गोळीला पकड मिळते, पुढची निसटते, प्रत्येक गोळीची फिरकी वेगळी आणि म्हणून प्रत्येकीचा रस्ता वेगळा. दोन-तीन मॅगझिन मारल्यावर गोळ्याच ते तेल पुसून बाहेर नेतात, रबर कोरडं होतं, गन सुधारते. आणि संध्याकाळी घरी आल्यावर माणूस काळजीपोटी बॅरलमध्ये पुन्हा सिलिकॉन स्प्रेचा फवारा मारून ठेवतो. ही सवय येते कुठून तर गनबरोबर आलेल्या कागदावर कधीकधी तसं लिहिलेलं असतं, किंवा दुकानदार सोबत बाटली देतो. तेलाचा उपयोग आहे पण तो गिअरबॉक्सच्या आत, पिस्टनच्या ओ-रिंगला वगैरे, आणि तिथे सुद्धा गन उघडून लावायचं असतं. बॅरलच्या तोंडातून फवारा मारायचा नाही, हॉप रबरला तर अजिबात नाही. एवढी एक सवय सोडली तरी अर्ध्या लोकांचा त्रास संपेल असं मला मनापासून वाटतं.

आता तपासणी. पण त्याआधी सेफ्टी, कारण घाईघाईत गन तपासताना होणाऱ्या इजा खेळातल्यापेक्षा वाईट असतात, तेव्हा आपण एकदम जवळ असतो. क्रम लक्षात ठेवा: आधी मॅगझिन काढायचं, मग डोळ्यावर गॉगल असतानाच सुरक्षित दिशेला, टेस्टिंगच्या जागी, सेमीवर (एका ट्रिगरला एकच गोळी) दोन-तीन वेळा ट्रिगर ओढून आत अडकलेली गोळी बाहेर काढायची, मग सेफ्टी लावायची, मग बॅटरी सोडवायची. हाच क्रम. मॅगझिन काढलं म्हणजे गन रिकामी झाली असं होत नाही, एक गोळी चेंबरमध्ये राहते, कधी दोन. बॅरलमध्ये काय दिसतंय म्हणून समोरून डोळा लावून बघायचं नाही, बॅटरी काढली असली तरी नाही, कारण स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत थांबलेली असू शकते. बघायचंच असेल तर इनर बॅरल बाहेर काढा आणि उजेडाकडे धरून बघा.

गॉगलबद्दल पण थोडं बोलतो कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. युरोपच्या ईएन 166 मानकात एफ आणि बी असे वेगवेगळे ठसे असतात. तपासणीत 6 मिलिमीटरची, 0.86 ग्रॅमची पोलादी गोळी मारतात, एफ साठी सेकंदाला 45 मीटर वेगाने आणि बी साठी 120 ने. गणित करून बघितलं तर एफ म्हणजे जेमतेम 0.87 जूल आणि बी म्हणजे सहा जूलच्या वर. इथल्या साइटवर, म्हणजे खेळायच्या जागी, बहुतेक गनला 0.20 ग्रॅमच्या गोळीवर 350 एफपीएस (सेकंदाला 350 फूट) चालतं, ते झालं 1.14 जूल. म्हणजे एफ ठशाचा चष्मा तुमच्या स्वतःच्या गनच्या सुद्धा खाली आहे! बी लिहिलेला घ्या, आणि टेस्ट करताना सुद्धा तोच घाला, साधा नंबरचा चष्मा चालणार नाही.

घराच्या मागच्या अंगणात शेजाऱ्यांना दिसेल असं उभं राहून टेस्ट करू नका. तुम्हाला माहितीये ती एअरसॉफ्ट आहे, खिडकीतून बघणाऱ्या आजींना माहिती नाही, त्या फोन करतील आणि हत्यारबंद पोलीस येतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. इथल्या कायद्यात खोटी बंदूक सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय घेऊन फिरणं हा गुन्हा आहे. येताजाताना गन बंद बॅगेत, मॅगझिन वेगळं, बॅटरी वेगळी. आणि सुट्टीत भारतात जाताना भाच्याला दाखवायला म्हणून ती सामानात टाकायचा विचार सुद्धा करू नका.

असो, मुद्द्यावर येतो.

पहिली पायरी क्रोनो, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र. साइटवर सकाळी वेग मोजतातच, तेव्हा फक्त पास-नापास बघून पुढे जाऊ नका, मार्शलला (साइटवरच्या पंचाला) विनंती करून दहा गोळ्या मारा आणि आकडे लिहून घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा-बारा एफपीएसचाच फरक असेल तर हवेची बाजू ठीक आहे असं मी धरतो, म्हणजे पिस्टन, सिलिंडर, नोझल (हवा गोळीमागे सोडणारी नळी) सगळे आपलं काम करताहेत आणि त्रास हॉप, बॅरल किंवा गोळ्यांमध्ये आहे. फरक तीस-चाळीसचा असेल, किंवा मागच्या महिन्यापेक्षा सरळ पन्नासने कमी येत असेल, तर हवा कुठेतरी गळतेय. या एका मोजणीने अर्धा प्रश्न सुटतो, तरी लोक हे करत नाहीत आणि थेट खरेदीला लागतात.

आता साफसफाई. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, बॅटरी सोडवलेली, हॉपचा डायल (रबर किती आत दाबायचं ते ठरवणारं चाक) पूर्ण शून्यावर. हे शेवटचं विसरू नका, नाहीतर रॉड त्या उंचवट्यावर आपटून रबर फाटेल. गनबरोबर येतो तो प्लास्टिकचा रॉड चांगला, त्याच्या खाचेत सुती कापडाची पातळ पट्टी ओवायची, रॉडचं टोक पूर्ण झाकलं जाईल अशी. पट्टी जाड झाली की आत अडकते, मग निघता निघत नाही. गन उलटी, तोंड खालच्या बाजूला झुकलेलं ठेवा म्हणजे घाण गिअरबॉक्सकडे जाणार नाही. नेहमीच्या लांबीच्या एम4 मध्ये (त्या नावाच्या रायफलच्या नमुन्याच्या गनमध्ये) इनर बॅरल 363 मिलिमीटरचा असतो, रॉडवर तेवढ्या अंतरावर टेप लावून खूण करा, त्यापुढे ढकलायचं नाही. आधी कोरडी पट्टी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पूर्ण पिळलेली पट्टी, शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला हळू गोल फिरवत, मग परत कोरडी. पट्टी पांढरी बाहेर येईपर्यंत. पहिली पट्टी करडी आणि तेलकट आली तर चोर सापडला असं समजा.

बॅरल पुसून पण सुधारणा होत नसेल तर हॉप युनिट बाहेर काढून रबर धुवावं लागतं. एम4 प्रकारात पुढचा आणि मागचा भाग वेगळा केला की बॅरल हॉप युनिटसकट सरळ मागून बाहेर येतो, फार अवघड नाही, फक्त टेबलावर पांढरं फडकं अंथरून बसा कारण नबचा (रबराला वरून दाबणारा) तुकडा आणि पिन उडून गेल्या तर संपलं. रबर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटांनी धुवा, आतला उंचवटा सुद्धा, मग पूर्ण वाळू द्या. अगदी नवीन विकत घेतलेलं रबर पण धुवूनच बसवा, कारखान्यातून येताना त्यावर बऱ्याचदा तेलकट थर असतो, आणि "नवीन रबर टाकलं तरी तेच" या तक्रारीचं कारण हेच निघतं. धुताना नीट बघा, ओठ (रबराची मागची कड) फाटलाय का, उंचवट्यावर चर पडलाय का, एका बाजूने जास्त झिजलंय का. असं काही दिसलं तर नवीन घ्या, ही गनमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

परत बसवताना रबरावरची रेघ बॅरलच्या खाचेत बरोबर बसली पाहिजे. थोडं जरी पिळलेलं राहिलं तर उंचवटा मधोमध न येता तिरका येतो आणि मग प्रत्येक गोळी एकाच बाजूला वळते. हे ओळखायची सोपी खूण अशी की वारा नसताना गोळ्या कायम डावीकडेच किंवा कायम उजवीकडेच जात असतील तर रबर किंवा नब तिरका आहे, आणि कधी डावीकडे कधी उजवीकडे, काही नेमच नाही, असं असेल तर घाण, तेल किंवा खराब गोळ्या. गन बाजूला आडवी धरून मारत नाही ना हे पण बघा, हसू नका, झाडामागून मारताना बरेच जण गन तिरकी करतात आणि तिरकी गन म्हणजे तिरकी फिरकी, गोळी त्या बाजूला वळणारच.

थंडीचं आता. ऑक्टोबर ते मार्च इथे सकाळी रबर दगडासारखं कडक होतं, त्यात गन रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली असेल तर विचारूच नका. कडक रबर गोळीला नीट धरत नाही, आणि जसजसा दिवस चढतो तसतसं सुधारतं, म्हणजे लक्षणं तेलासारखीच, म्हणूनच गोंधळ होतो. फरक ओळखायचा कसा? रबर धुवून झाल्यावरही सकाळी तोच त्रास असेल तर पुढच्या वेळी गन रात्री घरात ठेवा आणि सकाळी बॅगेत गुंडाळून न्या. पहिल्याच मॅगझिनपासून सरळ गेली तर गार रबर हे कारण होतं. मग थोडं मऊ रबर लावून बघा, 70 डिग्रीच्या जागी 60 किंवा 50, हा आकडा कडकपणाचा असतो, जितका कमी तितकं मऊ. साइटच्या साधारण 350 एफपीएसच्या गनला 50 किंवा 60 पुरतं, 70 हे जास्त ताकदीच्या गनसाठी बरं. बॅटरी गार झाली तर गन हळू चालते, ट्रिगर उशिरा लागतो, पण गोळीचा वेग स्प्रिंग देते, बॅटरी नाही, त्यामुळे वाकड्या गोळ्यांचा दोष बॅटरीवर टाकून 11.1 व्होल्टची घेऊ नका.

गॅस ब्लोबॅकवाल्यांचं दुखणं दुहेरी असतं. थंडीत गॅसचं प्रेशरच पडतं, आणि वर ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेनच, त्यात आधीच सिलिकॉन तेल मिसळलेलं असतं, ते हळूहळू हॉपवर जातं. त्यामुळे तुम्हाला बॅरल जास्त वेळा पुसावा लागेल, दर गेम डेच्या आधी एकदा तरी, आणि मॅगझिन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलतो. हजारोंची गन आणि त्यात सगळ्यात स्वस्त गोळ्या, हे मला खरंच पटत नाही. बहुतेक जंगलातल्या साइटवर बायो गोळ्याच लागतात, त्या ओलावा शोषतात, उघडी पिशवी गॅरेजमध्ये महिनोन्महिने पडली की फुगतात, ठिसूळ होतात, आणि अशी एक गोळी आत फुटली की रबर गेलं. पिशवी घट्ट बंद करून घरात ठेवा, मागच्या वर्षीच्या उरलेल्या नव्या पिशवीत मिसळू नका. जमिनीवरून उचललेली गोळी परत मॅगझिनमध्ये टाकायची नाही, कधीच नाही, ती चपटी झालेली असते, तिला माती लागलेली असते.

वजन 0.20 वरून वर न्या. बाहेर मोकळ्यावर 0.28 मला सगळ्यात योग्य वाटतं. तेवढ्याच 1.14 जूलला 0.20 ची गोळी 350 ने निघते आणि 0.28 ची 296 च्या आसपास, त्यामुळे लोकांना वाटतं ती जवळ पडेल, पण तसं होत नाही, जड गोळी वेग टिकवून धरते आणि वाऱ्याने कमी हलते. फक्त वजन बदललं की हॉप परत लावावा लागतो, आणि क्रोनोला कुठल्या वजनाच्या गोळ्या आहेत ते खरं सांगायचं. एका मॅगझिनमध्ये 0.25 आणि दुसऱ्यात 0.28 असेल तर हॉप कधीच जमणार नाही.

हॉप लावायची पद्धत अशी. टेस्टिंग रेंजवर, सेमीवर, चाळीस मीटरवरचं काहीतरी धरून, गन सपाट ठेवून मारायला लागा. शून्यापासून सुरू करा आणि डायल थोडाच फिरवा, प्रत्येक बदलानंतर पाच-सहा गोळ्या मारून बघा, एका गोळीवरून ठरवू नका. गोळी लवकर पडते म्हणजे हॉप कमी, शेवटी वर उचलली जाते म्हणजे जास्त. बराच वेळ सपाट जाऊन अगदी शेवटी हलकेच खाली आली की थांबा. मग एक आख्खं मॅगझिन मारा आणि परत बघा. जुन्या पद्धतीच्या एम4 हॉप युनिटमध्ये छोटी दातेरी चाकं असतात, ती गन हादरल्यावर स्वतःच फिरतात, म्हणजे तुम्ही सकाळी लावलेलं दुपारपर्यंत तसं राहिलेलंच नसतं. डायलवर मार्करने खूण करून ठेवा, गेमनंतर खूण सरकलेली दिसली तर डायलखाली पातळ ओ-रिंग बसवा किंवा गोल फिरणारं नवीन प्रकारचं युनिट घ्या. इनर बॅरल बाहेरच्या बॅरलमध्ये हलत असेल, बोटाने ढकलून कळतं, तर पुढच्या बाजूला नळाला लावतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळा.

क्रोनोवर आकडे वरखाली येत होते त्यांच्यासाठी: आधी मॅगझिन बदलून बघा. कधीकधी एका वेळी दोन गोळ्या चेंबरमध्ये जातात आणि दोन्ही जवळच पडतात, मॅगझिन काढल्यावर नळीतून गोळ्या घरंगळत बाहेर येत असतील तर हे नक्की. त्यात रबराचा ओठ झिजलेला असतो किंवा नोझल आखूड असतं. रबर बदलून पण वेग स्थिर होत नसेल तर मग गिअरबॉक्स, पिस्टनची ओ-रिंग आणि सिलिंडर हेडची सील, आणि इथे माझं मत असं की पहिल्यांदा ते एखाद्या अनुभवी माणसाच्या शेजारी बसून उघडा, स्प्रिंग उडून डोळ्याला लागते.

जास्त ताकदीची स्प्रिंग हा यातल्या कशावरच उपाय नाही. इथे कायद्याने फुल ऑटोला 1.3 जूल आणि सिंगल शॉटला 2.5 जूल ही वरची मर्यादा आहे, साइटचे नियम बहुतेक त्याहून कडक असतात, आणि तेलकट रबरातून जास्त वेगाने मारलेली गोळी फक्त जास्त वेगाने वाकडी जाते. जपानमधली तोक्यो मारुईची गन बघा, तिथल्या कायद्यामुळे ती एक जूलच्या आतच असते, बॅरल पण साधा 6.08 चा, तरी डब्यातून काढल्या काढल्या सरळ मारते, कारण हॉप नीट बनवलेला असतो. आधी रबर, मग गोळ्या, मग फार तर 6.03 चा बॅरल, खर्च करायचाच असेल तर या क्रमाने करा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रबर, गोळ्या आणि बॅरल तिन्ही एकदम बदलले आणि गन सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, पुढच्या वेळी परत तिन्ही विकत घ्याल.

खेळून घरी आल्यावर मग करायचं एवढंच: मॅगझिन काढून चेंबर रिकामं केलंय याची पुन्हा खात्री, हॉप शून्यावर म्हणजे रबर दाबलेलं राहून चपटं होणार नाही, शून्यावर नेण्याआधी डायलच्या खुणेचा फोटो, बॅरलमधून एक कोरडी पट्टी, लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी साधारण 3.8 व्होल्ट प्रति सेलवर आणून गनबाहेर, आणि गन घरात, डिकीत नाही. बाहेरून ओली झाली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, बॅग उघडी ठेवून रात्रभर वाळू द्या. सिलिकॉनची बाटली हवी तर गिअरबॉक्सच्या हत्यारांच्या डब्यात टाका, खेळायच्या बॅगेत ठेवू नका.